ज्यांना मत नव्हते त्यांचा पगार

1982 साली अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीचा टीमस्टर्स या बलाढ्य संघटनेशी करार झाला आणि अर्धवेळ कामगाराचा सुरुवातीचा दर ताशी 8 डॉलर ठरला. 1997 च्या ऑगस्टमध्ये 1 लाख 85 हजार कामगार संपावर गेले, तेव्हाही नवा माणूस 8 डॉलरवरच लागत होता. पंधरा दिवसांच्या संपानंतर त्यात पन्नास सेंटची भर पडली, आणि 10 डॉलरचा आकडा दिसायला 2013 उजाडले. महागाई काही इतकी वर्षे थांबली नव्हती. ग्राहक किंमत निर्देशांकाने हिशेब केला, तर 1982 च्या 8 डॉलरची किंमत टिकवायला 2013 मध्ये 19 डॉलर लागले असते. म्हणजे खरा पगार जवळपास निम्म्यावर आला; आणि तोही ड्रायव्हरला उत्तम पगार व पेन्शन मिळवून देणाऱ्या संघटनेच्या सहीने.

काम कसले, तेही पाहू. ‘प्रीलोड’ची पाळी पहाटे चारच्या सुमारास सुरू होते. पट्ट्यावरून येणारी खोकी उचलायची आणि डिलिव्हरीच्या क्रमाने गाडीतल्या फळ्यांवर लावायची. एखादे खोके 150 पौंडांचे, म्हणजे 68 किलोंचेही निघते. हमी साडेतीन तासांची, मग घरी. गिरणगावातला बदली कामगार आपल्याला चटकन आठवेल. पण त्याला आज काम मिळेल की नाही हीच धास्ती असे. इथे काम रोज मिळते, घर चालेल इतके मिळत नाही.

मग संघटनेने हे मान्य का केले? कोणाचा कट होता असे मला वाटत नाही. करारावर मत देतात ते त्या दिवशी कामावर असलेले लोक. पुढच्या वर्षी लागणारा कामगार त्या मतदानात नसतो. त्यामुळे वाटाघाटीत संघटनेला कंपनीसाठी काहीतरी सोडायचेच झाले, तर सर्वांत सोपी सवलत म्हणजे भावी कामगाराचा दर: आजच्या एकाही सभासदाचा खिसा हलका होत नाही. आणि नवखे लोक इतक्या भराभर काम सोडतात, की पुढच्या करारापर्यंत तक्रार करायला त्यांतले थोडेच उरतात. 1997 चा संप गाजला तोच अर्धवेळ कामगारांच्या प्रश्नावर. त्यात 10 हजार पूर्णवेळ जागांचे आश्वासन मिळाले, पण सुरुवातीच्या दराला मिळाले ते पन्नास सेंटच.

यावर वजनदार आक्षेप आहे तो आरोग्यविम्याचा. अर्धवेळ कामगाराला विमा मिळणे अमेरिकेत दुर्मीळ, आणि इथे तो चांगला मिळतो. तो पगारातच धरा, असे म्हणतात. मुद्दा खरा आहे. पण नवख्याला त्या विम्यासाठी अनेक महिने थांबावे लागत आले आहे, आणि तेवढे टिकणारे कमी. म्हणजे लाभही शेवटी टिकून राहिलेल्यालाच. ही विद्यार्थ्यांची तात्पुरती कामे आहेत, हे म्हणणे तर फारसे मनावर घेण्याजोगे नाही. साठ टक्क्यांच्या आसपास कामगार अर्धवेळ असतील, तर तात्पुरता म्हणायचे कोणाला? राहिला स्पर्धेचा मुद्दा. 2018 च्या करारात सुरुवातीचा दर 13 डॉलर ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, तिथे संघटना नसताना, अ‍ॅमेझॉनने किमान 15 डॉलर द्यायला सुरुवात केली. माणसे मिळेनात तेव्हा यूपीएसनेही अनेक ठिकाणी करारापेक्षा जास्त दर आपणहून दिला, अर्थात हवा तेव्हा मागे घेण्याची सोय ठेवून. बाजाराला परवडत होते ते करारात मात्र बसत नव्हते.

2018 च्या त्या कराराविरुद्ध 54 टक्के मते पडली होती. तरी मतदान निम्म्याहून कमी झाल्याने, नाकारायला दोन तृतीयांश मते हवीत या नियमाखाली तो लागू झाला. संताप इतका होता, की 2021 च्या अधिवेशनात तो नियमच गेला. 2023 मध्ये संपाची तयारी झाली आणि सुरुवातीचा दर 21 डॉलरवर आला. उडी मोठी, पण 1982 च्या 8 डॉलरशी बरोबरी करायला 25 डॉलर हवे होते. शिवाय बारीक अक्षरे वाचा: आधीपासून कामावर असलेल्यांना पाच वर्षांत ताशी साडेसात डॉलरची वाढ, तर नव्याने लागणारा 21 वरून चढून 23 वर थांबतो. हा करार 31 जुलै 2028 ला संपतो. त्या वेळी मतदान करणाऱ्यांत 2023 नंतर लागलेले किती उरलेले असतील, यावर पुढचा आकडा ठरेल.