सत्य कोणाच्या हवालीं करावें?

एक राष्ट्र दुसऱ्याला शस्त्रें, पैसा व लष्करी सल्लागार पुरवूं लागलें, म्हणजे त्या मदतीचें फळ काय निघालें हें तपासण्यासाठीं अभ्यासक नेमले जातात. निष्कर्ष अप्रिय निघाला, तर तो सांगावयाचा कोणाला, येथें त्यांची खरी कसोटी लागते. अमेरिकेचे डॅनियल एल्सबर्ग यांच्या चरित्रांत ती स्पष्ट दिसते.

१९३१ सालीं जन्मलेले एल्सबर्ग हार्वर्ड विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकले, मरीन दलांत अधिकारी झाले आणि पुढें रँड या संशोधनसंस्थेंत संरक्षणाचा अभ्यास करूं लागले. केवळ अहवालांवर विसंबून न राहतां १९६५ पासून सुमारें दोन वर्षें ते दक्षिण व्हिएतनाममध्यें राहिले. मोटारीनें खेडोपाडीं हिंडून तेथील बंदोबस्त त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. कागदावरील प्रगति आणि प्रत्यक्ष स्थिति यांचा मेळ बसेना.

१९६७ मध्यें संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं या धोरणाचा गुप्त इतिहास लिहविण्यास घेतला. ४७ खंड, सुमारें ७,००० पानें; लेखकांत एल्सबर्गहि होते. १९५० पासून अमेरिका फ्रेंचांना लष्करी मदत देत होती. १९५४ पर्यंत त्यांच्या युद्धखर्चाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भार तिनें उचलला, तरीहि त्याच वर्षीं दिएन बिएन फू पडलें. याहूनहि गंभीर गोष्ट एल्सबर्ग यांना त्या पानांत दिसली. राज्यकर्ते अजाणतेपणीं चिखलांत रुतले नव्हते. प्रतिकूल इशारे त्यांच्यापर्यंत पोंचत होते. जनतेपुढें मात्र आशाच मांडली जात होती.

१९६९ मध्यें त्यांनीं रात्रीं जागून या खंडांच्या नकला काढल्या. प्रथम त्यांनीं विधिमंडळाच्या सभासदांकडे धांव घेतली. तेथें प्रसिद्धि मिळेना, तेव्हां वृत्तपत्राकडे. १३ जून १९७१ रोजीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें प्रकाशन आरंभिलें. सरकारनें तें रोखूं पाहिलें. पण सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं वृत्तपत्रांच्या बाजूनें निर्णय दिला. एल्सबर्ग यांच्यावर खटला भरला गेला. सरकारी पक्षाचींच गैरकृत्यें उघड झाल्यानें १९७३ मध्यें न्यायाधीशांनीं तो काढून टाकला.

गुप्ततेचें वचन दिलेल्यानें असें करावें काय, हा आक्षेप हलका नाहीं. एल्सबर्ग यांनाहि त्याची जाणीव होती. शांततेच्या वाटाघाटींविषयींचे चार खंड त्यांनीं वृत्तपत्रांना दिले नाहींत. परंतु ज्यांचा पैसा खर्च होतो व ज्यांचे मुलगे रणांत पडतात, त्यांच्यापासूनच हिशेब लपवावयाचा असेल, तर तपासणी करावीच कशाला?

२०२३ मध्यें ते निवर्तले. नकला काढल्याचा पश्चात्ताप त्यांना कधींच झाला नाहीं. १९६४ मध्येंच, युद्ध पसरण्यापूर्वीं, हातांतील कागद आपण उघड केले नाहींत, याची खंत मात्र ते अखेरपर्यंत बोलून दाखवीत असत.