दहा वॉट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकानं आपल्या छंदाबद्दल थोडं बोलायचं, असं संयोजकांनी सांगितलंय. माझा छंद हॅम रेडिओचा. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा आणि घरच्या रेडिओवरून लांबच्या माणसांशी बोलायचं. आमच्या घरी त्याला ‘बाबांची खरखर’ म्हणतात.

त्यातली एकच गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेपासून सुरू होते. दहावीचा ओहमच्या नियमाचा प्रयोग आठवतोय? मी तीन रीडिंग घेतली आणि बाकीची घरी बसून गुणाकार करून जर्नलमध्ये भरली. आलेख अगदी पट्टीनं ओढल्यासारखा सरळ आला. सरांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, “हे मीटरनं तुला सांगितलं, की तू मीटरला सांगितलंस?” सगळा वर्ग हसला. मला थांबून सगळी रीडिंग पुन्हा घ्यावी लागली.

आता रेडिओकडे येतो. हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाचं एक सर्किट तयार करून सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या साध्या भागांतून ते बनतं. त्यावरून मी ७ मेगाहर्ट्झचा सेट बांधला. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ ५१० हा स्वस्तातला ट्रान्झिस्टर आहे. अशा सेटमधून सहा-सात वॉट निघाले तरी माणूस खूश असतो.

हे वॉट मोजायचे कसे? एरियल काढून त्या जागी ‘डमी लोड’ लावायचा, म्हणजे ५० ओहमचा रोध. मी तो १ किलोओहमचे वीस रेझिस्टर समांतर जोडून, दहा-दहाच्या दोन रांगांत, तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवला होता. हजार भागिले वीस, पन्नास. डायोडमधून त्यावरचं टोकाचं व्होल्टेज मल्टिमीटरनं वाचायचं, डायोडमध्ये जाणारे ०.६ व्होल्ट त्यात मिळवायचे, वर्ग करायचा आणि १०० नं भागायचं. १०० का, तर ती ५० ची दुप्पट.

माइकमध्ये लांब शिट्टी वाजवली, म्हणजे काटा स्थिर राहतो. मीटरवर ३१ व्होल्ट आले. ३१.६ चा वर्ग साधारण १०००. भागिले १००, म्हणजे १० वॉट! दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवरच्या आमच्या गप्पांत मी ते सगळ्यांना ऐकवलं.

आता खरं सांगतो. त्याच रात्री मी ॲमीटरही पाहिला होता. शेवटचा टप्पा १२ व्होल्टवर ०.७५ अँपिअर घेत होता. बारा गुणिले पाऊण, नऊ. म्हणजे आत जातात ९ वॉट आणि बाहेर येतात १०. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे आठवीच्या मुलालाही कळतं. मलाही कळलं. पण दहाचा आकडा मला आवडला होता, म्हणून मी ॲमीटरला खोटं ठरवलं आणि झोपलो.

पंधरा दिवसांनी कॉलेजातल्या एका मुलाचा फोन आला. “काका, मी तुमच्यासारखाच सेट बांधलाय, पण सहाच्या वर जात नाही. दहा करायला बायस वाढवला, तर ट्रान्झिस्टर गेला. दुसरा घातला, तोही गेला. माझं काय चुकतंय?”

त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्याचे सहा वॉट खरे होते.

त्या रात्री मी मोजायला बसलो. आधी मल्टिमीटरची बॅटरी बदलली, कारण ती उतरली की मीटर जास्त दाखवू शकतो. फरक नाही. रेडिओच्या लहरी मीटरच्या वायरीत शिरत असतील, म्हणून वायरी हलवून, आखडून पाहिल्या. आकडा तोच. ॲमीटर बदलला. तोही ०.७५ च म्हणाला. मग सेट बंद केला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. डमी लोडचा रोध मोजला.

१०० ओहम.

डबा उघडला. दुसऱ्या रांगेला जोडणारी तार वरून चकचकीत दिसत होती, पण बोट लावताच हलली. ड्राय सोल्डर. वीसपैकी दहाच रेझिस्टर काम करत होते. रोध दुप्पट झाला, त्यावर व्होल्टेज वाढलं आणि मी मात्र भागत होतो ५० ओहमच्या हिशेबानं. १००० ला २०० नं भागायला हवं होतं. माझे दहा वॉट म्हणजे खरे पाचच होते. नऊ आत, पाच बाहेर, बाकीच्यांची उष्णता. हिशेब जुळला. तार नीट डाखली, तेव्हा लोड ५० ओहम झाला, करंट १.१ अँपिअरवर गेला आणि मीटरवर २५.८ व्होल्ट आले. म्हणजे सात वॉट.

गंमत बघा, पाच आणि दहा वॉटमध्ये ऐकणाऱ्याला फारसा फरकही कळत नाही. दुप्पट शक्ती म्हणजे ३ डेसिबल, सिग्नलच्या मीटरवर जेमतेम अर्धा घर. ज्या आकड्यानं कुणाला काही जास्त ऐकू आलं नसतं, त्यासाठी एका पोरानं दोन ट्रान्झिस्टर आणि पंधरा दिवसांची झोप घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेडिओवर सांगितलं, की माझे दहा वॉट खोटे होते, चूक अशी अशी होती, आणि बायस वाढवू नका. बोलताना घसा कोरडा पडला होता. पलीकडे क्षणभर नुसती खरखर ऐकू आली. मग एक जण म्हणाला, “थांबा, मीपण माझा लोड मोजून येतो.” त्या मुलाला मी दोन ट्रान्झिस्टर पाठवले. परवा त्यानं सहा वॉटवर श्रीलंकेशी बोलल्याचं कळवलं.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. ते जर्नल माझ्याकडे उरलेलं नाही, पण तुमचा प्रश्न मी आता त्या तुपाच्या डब्याच्या झाकणावर रंगानं लिहून ठेवलाय. सेट लावण्याआधी तो वाचतो, मग लोड मोजतो.

डबा सोबत आणलाय. ज्यांना बघायचा असेल त्यांनी चहाच्या वेळी या. सर, तुम्ही आधी.