जोर आणि सांगाडा : एका विजेच्या सायकलीची हकिकत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातच्या छड्या मी खाल्ल्या आहेत आणि त्यांची शाबासकीही मिळवली आहे. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. तरीही येथे उभे राहताना मनात थोडा संकोच आहे. आज मी जे सांगणार आहे, ती माझ्या एका चुकीची हकिकत आहे. सरांनी नववीत शिकवलेला एक धडा मी विसरलो आणि त्याची किंमत माझ्या पुतण्याने मोजली.

माझा पुतण्या सायकलवेडा. रविवारी पहाटे मित्रांबरोबर कधी सिमरोलमार्गे चोरलकडे, कधी महूच्या पुढे जानापावच्या डोंगराकडे जायचे, हा त्याचा नेम. आपले इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. दक्षिणेला थोडे गेले की विंध्याचे चढउतार सुरू होतात. चंबळेचा उगम सांगतात तो जानापाव याच रांगेत आहे. पुढे त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर तो पॅडल मारू शके, चढावर गुडघा नको म्हणे. मित्र डोंगरावर जात आणि हा घरी वर्तमानपत्र वाचत बसे. एके दिवशी तो म्हणाला, "काका, तुम्ही आयुष्यभर यंत्रे दुरुस्त केलीत. माझ्या सायकलीला मोटर बसवून द्या ना." निवृत्त माणसाला आणखी काय हवे असते? मी लगेच होकार दिला.

कल्पना नवी नव्हती. सायकलीच्या मागच्या चाकात विजेची मोटर बसवण्याचे पेटंट ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थाने १८९५ सालीच घेतले होते. अडचण होती ती साठवणुकीची. शिशाची बॅटरी इतकी जड, की तिची अर्धी ताकद तिलाच वाहण्यात जावी. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि हे चित्र पालटू लागले. आमच्या बॅटरीत अंगठ्याएवढ्या जाडीचे चाळीस सेल होते : दहा एकापुढे एक आणि अशा चार ओळी शेजारी शेजारी. त्यांतून ३६ व्होल्ट दाब आणि सुमारे ३६० वॅट-तास ऊर्जा मिळे. हिशेब करून पाहा. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन ३०० मीटर उंच चढवायला सुमारे ८२ वॅट-तास लागतात. घर्षण आणि उष्णता यांचे नुकसान धरले, तरी डोंगर आटोक्यात होता. मोटर २५० वॅटची घेतली, कारण आपल्या देशाच्या नियमांत २५० वॅटहून कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या विजेच्या सायकलीला मोटार वाहन मानत नाहीत. साधा माणूस सलग पॅडल मारतो तेव्हा त्याच्या पायांतून फार तर शंभर वॅट निघतात. म्हणजे माझ्या पुतण्याला आणखी दोन माणसांचे पाय मिळणार होते.

हा सगळा हिशेब मी केला. एक हिशेब मात्र केला नाही.

साध्या सायकलीत साखळी चाकाला ओढते, चाक आसाभोवती फिरते आणि आस फक्त भार पेलत स्थिर राहतो. मागच्या चिमट्याच्या खाचेत तो नटांनी आवळलेला असतो, एवढे पुरते. मोटर चाकाच्या तुंब्यातच बसवली की गोष्ट बदलते. मोटर चाकाला पुढे ढकलते, तेव्हा तितक्याच जोराने आस उलटा फिरू पाहतो. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही सर्वांनी पाठ केलेला आहे. चढावर आमच्या मोटरचा पीळ सुमारे ४० न्यूटन-मीटर होता. आसाला फिरू न देणाऱ्या त्याच्या दोन सपाट बाजू एकमेकींपासून अवघ्या १० मिलिमीटर अंतरावर. ४० ला ०.०१ ने भागा. उत्तर ४००० न्यूटन, म्हणजे सुमारे ४०० किलोच्या वजनाइतका दाब. आणि तो पेलणार कोण, तर खाचेच्या पातळ, मऊ ॲल्युमिनियमच्या कडा. हे गणित नववीचे आहे. मी मात्र नट घट्ट आवळले आणि पुतण्याच्या हातात हँडल दिले. दोन फेऱ्यांनंतर नट किंचित सैल झालेला मला दिसला होता, हेही येथे कबूल केले पाहिजे. मी तो पुन्हा आवळला. तो सैल का झाला, हे विचारले नाही.

तिसऱ्या रविवारी घाटाच्या चढावर खाच उघडली. आस गर्रकन फिरला, तारा तुटल्या, चाक वाकडे होऊन चिमट्यात अडकले. वेग कमी होता म्हणून निभावले. तरी पुतण्या रस्त्याकडेच्या दगडावर पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. दवाखान्यात वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रात्री मला सर आठवले. तरफ शिकवताना त्यांनी वर्गाचे दार एकदा कडीजवळ आणि एकदा बिजागरीजवळ ढकलायला लावले होते. मग ते म्हणाले होते, "जोर किती, हे कोणीही विचारील. तो कुठे जातो, हे विचारा." आम्ही ते वाक्य परीक्षेपुरते लक्षात ठेवले.

मित्रहो, डोंगरी सायकलीचा जन्मच या प्रश्नातून झाला आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट टॅमल्पाइसच्या उतारांवर काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली पळवीत. ब्रेक इतके तापत, की तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावे लागे. डोंगराचे धक्के सोसणे हे त्या जुन्या सायकलींचे कामच नव्हते. अखेर १९७७ साली जो ब्रीझ याने मुद्दाम डोंगरासाठीच नवी फ्रेम घडवली. आपल्याकडचे उदाहरण घ्या. सायकल हे मराठी उद्योजकतेचे जुने दार आहे. १८८८ साली बेळगावात किर्लोस्करांनी दुकान काढले ते सायकलींचेच. १९७२ साली हस्तिमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ५० सीसीची लूना आणली. तिला पॅडल होते, पण तिचा सांगाडा सायकलीवरून उचललेला नव्हता. इंजिनाचा विचार करून तो केलेला होता. ज्या पीथमपुरात पुढे कायनेटिक होंडाची स्कूटर बनू लागली, ते तर आपल्या शेजारचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर आली, तीही मोटरसाठी नव्याने आखलेली. मी मात्र जुन्या सांगाड्यावर नवा जोर लादला होता.

पुतण्याचे हाड जुळेपर्यंत मी दुसरी सायकल घडवली. या वेळी फ्रेम पोलादी घेतली. ॲल्युमिनियमला वेल्डिंगची उष्णता लागली की तिचे कमावलेले बळ जाते आणि सारी फ्रेम भट्टीत घालून ते परत आणावे लागते. पोलादाचे पितळी झाळकाम मात्र गल्लीतला जाणता कारागीरही नेटके करू शकतो. आमचे मिस्त्री एका बंद पडलेल्या कापड गिरणीत काम केलेले. त्यांनी खाचेच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या झाळल्या. त्यांखेरीज आसाच्या सपाट बाजूंवर घट्ट बसणारी एक लोखंडी भुजा आम्ही केली आणि तिचे दुसरे टोक १० सेंटिमीटर पुढे चिमट्याच्या दांड्याला बांधले. आता पुन्हा भागाकार करा : ४० भागिले ०.१, म्हणजे ४०० न्यूटन. चारशे किलोचे चाळीस किलो झाले. सरांचे दार कडीजवळ ढकलले गेले.

बॅटरी आधी मागच्या कॅरिअरवर होती, त्यामुळे चढावर पुढचे चाक हलके होई. ती फ्रेमच्या त्रिकोणात, खालच्या नळीवर एक पाळणा झाळून त्यात बसवली. नळीला भोक पाडायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. "भाऊसाहेब, जिथे भोक, तिथे उद्याची चीर," ते म्हणाले. सरांच्या वर्गात ते कधी बसले नव्हते.

मग परीक्षा. आस आणि फ्रेम यांवरून मी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. आस केसभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसावी. पुढचे चाक भिंतीला टेकवून मोटरला जोर दिला. रेघ अखंड राहिली. नंतर दोन महिने घाट मी स्वतः चढलो, दर फेरीनंतर वाकून रेघ पाहिली, आणि मगच पुतण्याला विचारले. तो हसून हो म्हणाला. वहिनींची परवानगी मिळायला आणखी एक महिना लागला, आणि तो त्यांचा हक्क होता.

जानापावच्या माथ्यावर तो पोहोचला, तेव्हा मी मागून धापा टाकीत येत होतो. त्याने भोवतालच्या डोंगरांकडे पाहण्याआधी सायकल उभी केली, खाली वाकला आणि आसावरची रेघ तपासली. मी त्याला ते सांगितले नव्हते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातांत आमच्या वेळेपेक्षा कितीतरी अधिक जोर येणार आहे. तो जरूर वापरा. तो कुठे जातो, हे मात्र आधी विचारा, आणि नट सैल झालेला दिसला तर नुसता आवळून पुढे जाऊ नका. मी गेलो होतो.