पापडाच्या पानावर पापडाचंच बोला

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मला विषय दिलाय 'आपली वेबसाईट'. कागदावर तसाच लिहिलाय. पण वेबसाईटबद्दल बोलायच्या आधी मला एक चूक कबूल करायची आहे. ती चूक माझी आहे, आणि जिच्या गटाला ती भोवली ती ताई इथे तिसऱ्या ओळीत बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या साईटवर फराळाची ऑर्डर घेणं सुरू केलं. चकली, अनारसे, शिवाय वर्षभराचे पापड. त्याच आठवड्यात मी अजून एक काम केलं. ज्या गटांचे हप्ते बाकी होते त्यांची यादी साईटच्या उजव्या बाजूच्या पट्टीत टाकली. मला वाटलं, ती फक्त 'सभा आणि बैठका' या पानावर दिसेल, सीआरपींना आठवण राहील. प्रत्यक्षात ती सगळ्या पानांवर दिसायला लागली. पापडाच्या फोटोशेजारी, चकलीच्या भावाशेजारी, सगळीकडे 'हप्ता बाकी असलेले गट'.

दरवर्षी ऑर्डर देणाऱ्या पुण्याच्या एका बाईंनी फोन केला. पंचवीस किलोचं बोलणं आधी झालेलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचाच गट ना तो, यादीतला? मग आधी पाच किलोच पाठवा, बघू."

आणि गंमत बघा, हप्ता तर आदल्या शनिवारीच भरलेला होता. यादी जुनी होती. ताईंनी फोनवर काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. मी घरी गेले तेव्हा चहा ठेवला आणि मग एवढंच म्हणाल्या, "घरात कुणाचं देणं राहिलं तर आपण उंबऱ्यावर पाटी लावतो का गं? पापडाच्या पानावर पापडाचंच बोला की."

एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत मला जे कुणी असं सांगितलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आजचं सगळं भाषण त्या वाक्यावरच आहे.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ. कारण समजलं तर पुन्हा होणार नाही, आणि मी उद्या दुसऱ्या तालुक्यात गेले तरी तुमचं अडणार नाही.

आपली साईट वर्डप्रेसवर आहे. वर्डप्रेस म्हणजे साईट बनवायची तयार व्यवस्था. ती २००३ साली सुरू झाली, फुकट मिळते, आणि जगातल्या कितीतरी साईटी तिच्यावरच चालतात. साईटला पानं असतात, जशा घराला खोल्या. प्रत्येक पानाचा मधला मजकूर वेगळा असतो. पण बाजूची जी पट्टी असते, जिला साइडबार म्हणतात, ती बहुतेक वेळा सगळ्या पानांना एकच असते. घराला ओसरी एकच, तसं. स्वयंपाकघरात जा नाहीतर माजघरात, ओसरीवर टांगलेलं सगळ्यांना दिसतं. मी यादी ओसरीवर टांगली आणि समजले की माजघरात ठेवली.

त्या पट्टीत आपण जे एकेक चौकोन ठेवतो त्यांना विजेट म्हणतात. एका चौकोनात फोन नंबर, एकात बैठकीची तारीख, एकात फोटो. 'अपीअरन्स'मध्ये 'विजेट्स' असं लिहिलेलं असतं, तिथे हे चौकोन ठेवता येतात. पण कुठला चौकोन कुठल्या पानावर दिसावा हे सांगायची सोय तिथे मुळात नाही. त्यासाठी प्लगइन लागतं.

प्लगइन म्हणजे काय? मिक्सर आठवा. मोटर तीच, पण चटणीचं भांडं वेगळं, दळणाचं वेगळं. हवं ते भांडं बसवायचं. प्लगइन हे साईटला बसवायचं असं भांडं.

आम्ही आता जेटपॅक नावाच्या प्लगइनमधली सोय वापरतो. ती सोय फुकट आहे, फक्त एक खातं उघडून साईट जोडावी लागते. ती चालू केली की विजेटला 'व्हिजिबिलिटी' म्हणजे दिसण्याची अट लावता येते. तिथे दोनच गोष्टी ठरवायच्या. पहिली, 'शो' की 'हाइड', दाखवायचं की लपवायचं. दुसरी, कुठे. म्हणजे आपण लिहितो: दाखव, जर पान 'पापड-कुरडई' असेल तर. झालं. मग तो चौकोन त्याच पानावर दिसतो. एका पानाऐवजी अख्खा विभागही निवडता येतो, म्हणजे 'शेळीपालन' या विभागातल्या सगळ्या लेखांशेजारी लसीकरण शिबिराची तारीख.

दुसरी प्लगइनंही आहेत. 'कंटेंट अवेअर साइडबार्स' नावाचं एक आहे, त्यात वेगवेगळ्या पानांसाठी अख्खी पट्टीच वेगळी करता येते. 'विजेट लॉजिक' नावाचं जुनं आहे, त्यात अट कोडच्या भाषेत लिहावी लागते. त्याच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये तिथे लिहिलेलं जसंच्या तसं साईटवर चालवलं जायचं. म्हणजे चुकीच्या हातात गेलं तर अख्ख्या घराची किल्लीच. म्हणून आपण त्या वाटेला गेलो नाही.

इथे एक खरी घडलेली गोष्ट सांगते, कारण ती आपल्या गटाच्या शिस्तीशी जुळते. 'डिस्प्ले विजेट्स' नावाचं एक प्लगइन होतं, नेमकं याच कामाचं. दोन लाखांहून जास्त साईटींवर बसवलेलं. २०१७ साली मूळ मालकाने ते दुसऱ्याला विकलं. नव्या मालकाने अपडेटमधून आत वाईट कोड घातला आणि तो लोकांच्या साईटवर परक्या जाहिरातींची पानं टाकायला लागला. लबाडी अशी की, साईटची मालकीण लॉगइन करून बघायला गेली की तिला काहीच दिसायचं नाही. बाहेरच्या पाहुण्यालाच दिसायचं. शेवटी सप्टेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेसच्या लोकांनी ते प्लगइन आपल्या यादीतून काढून टाकलं.

यातून आपण दोन गोष्टी उचलल्या. एक, नवीन सभासद घेताना आपण चौकशी करतो ना, तशी प्लगइन घेताना करायची. वर्डप्रेसच्या यादीत प्रत्येक प्लगइनपुढे लिहिलेलं असतं, शेवटचं अपडेट कधी झालं आणि किती साईटी ते वापरतात. वर्षानुवर्षं अपडेट नसेल तर घ्यायचं नाही. जे वापरत नाही ते नुसतं बंद करून ठेवायचं नाही, काढूनच टाकायचं. आणि दोन, आपलं काम झालं की लॉगआउट करून, दुसऱ्याच्या फोनवर साईट बघायची. दिवाळीत मी एवढं केलं असतं तरी ती यादी मला त्याच संध्याकाळी दिसली असती. मी माझ्याच लॅपटॉपवर, एकच पान बघितलं आणि झोपले.

दुसऱ्याच्या फोनवर का, तर अजून एक कारण आहे. फोनवर पट्टी बाजूला राहतच नाही. जागा नसते, म्हणून बहुतेक साईटींवर ती मजकुराच्या खाली जाते. आपली गिऱ्हाईकं बहुतेक फोनवरूनच येतात. म्हणून ऑर्डरचा नंबर आणि भाव पट्टीवर सोडायचा नाही, तो मधल्या मजकुरात हवाच. पट्टीत फक्त सोबतची गोष्ट.

कधी कधी बदल करूनही जुनंच दिसतं. घाबरायचं नाही. साईट लवकर उघडावी म्हणून पानाची जुनी प्रत साठवून ठेवलेली असते, तिला कॅशे म्हणतात. ती साफ केली की नवीन दिसतं. आणि वर्डप्रेसमध्ये जुलै २०२१ पासून विजेटचा पडदा बदललाय. व्हिडिओत दाखवतात तसं दिसलं नाही तर आपण चुकलो असं नाही. 'क्लासिक विजेट्स' या प्लगइनने जुना पडदा परत येतो. काही नव्या थीममध्ये तर 'विजेट्स' हा पर्यायच नसतो, तिथे पट्टी वेगळ्या पद्धतीने बनवतात. म्हणून थीम बदलायची असेल तर आधी विचारा.

हे झालं यंत्राचं. आता खरं काम, आणि ते तुमचं आहे. कुठल्या पानाशेजारी काय हवं, हे प्लगइनला कळत नाही. मलाही नीट कळलं नव्हतं.

महालक्ष्मी सरसच्या स्टॉलवर मुंबईला गेलेल्या ताया इथे आहेत. तुम्ही टेबल कसं मांडलं होतं? लोणच्याच्या बरणीजवळ लोणच्याचा भाव, वजन, कधी भरलं ती तारीख. गोधडीजवळ ती कशी धुवायची ते. लोणच्याजवळ कुणी बँकेचं पासबुक उघडून ठेवलं होतं का? नाही. तीच अक्कल साईटवर वापरायची.

आम्ही त्या ताईंच्या गटाबरोबर बसून पापडाच्या पानाची पट्टी पुन्हा लावली. त्यांनी सांगितलं ते असं. पापडाशेजारी अन्नपरवान्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, कारण शहरातली बाई तो विचारते. पाकिटाचं वजन. पावसाळ्यात डबा कसा ठेवायचा. आणि उन्हाळ्यात कुरडईची ऑर्डर कधीपर्यंत द्यायची ते. मला यातलं फक्त वजन सुचलं होतं. गटात यायची इच्छा असलेल्या बाईसाठी 'गट कसा सुरू करावा' हे पान आहे, तिथे शेजारी जवळच्या सीआरपीला कुठे भेटायचं ते. बैठकीच्या पानाशेजारी पुढच्या बैठकीची तारीख. बैठक झाली की ती तारीख काढायची, नाहीतर जुन्या यादीसारखीच गत.

आणि हप्त्यांची यादी? सभेत एका मैत्रिणीने विचारलं होतं, ती आता फक्त बैठकीच्या पानावर ठेवा की. नाही ताई. इथे मला स्पष्ट बोलू द्या. प्लगइनने लपवणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे. ते पान कुणीही उघडू शकतं, शोधलं तर सापडू शकतं, आणि उद्या प्लगइन बंद पडलं तर चौकोन परत सगळीकडे दिसू शकतो. जे एका जरी परक्या माणसाने वाचू नये असं आहे, ते साईटवर कुठेच ठेवायचं नाही. कर्ज, थकबाकी, आधार नंबर, बाईच्या घरचा फोन, यांची जागा गटाच्या वहीत आणि बैठकीत. आपल्या दशसूत्रीत नियमित परतफेड आहे. चारचौघांत नाव लावणं तिच्यात नाही. गटाने एखादीला समज द्यायची तर ती गोल करून बसल्यावर, डोळ्यात बघून द्यायची. ती यादी मी काढून टाकली आहे आणि पुन्हा येणार नाही.

म्हणून आजपासून एक नियम करूया, प्रभागसंघाच्या ठरावातही लिहूया. साईटच्या पट्टीत काही नवीन लावण्याआधी ज्यांच्याबद्दल ते आहे त्या गटाला दाखवायचं. लावल्यावर लॉगआउट करून निदान तीन पानं दुसऱ्या फोनवर बघायची. तारीख असलेला प्रत्येक चौकोन महिन्याच्या बैठकीला तपासायचा. आणि ही तपासणी मी एकटीने नाही, प्रत्येक ग्रामसंघातल्या दोघींनी करायची. वाचता येणारी एक आणि माल बनवणारी एक. दोघी लागतात, कारण एकीला अक्षर कळतं आणि दुसरीला गिऱ्हाईक.

पुढच्या मासिक बैठकीला येताना एक कागद घेऊन या. वर तुमच्या मालाचं नाव लिहा आणि खाली, तो माल बघणाऱ्या बाईला शेजारी काय दिसायला हवं त्या तीन गोष्टी. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, मी लिहून घेईन.

पुण्याच्या त्या बाईंनी पाच किलोच नेलं, पुढे काय होतं ते येत्या दिवाळीत कळेल. ऑर्डर परत येईल न येईल. पण त्या ताई आज बैठकीला परत आल्या आहेत आणि साईट तपासणाऱ्या दोघींमध्ये पहिलं नाव त्यांनी स्वतःहून दिलंय. ताई, सगळ्यांसमोर तुमची माफी मागते.