सीमारेषेबाहेरचा माणूस



व्यवस्थापकांनी आमच्या व्याख्यानाला जे नाव दिले आहे त्यात 'धडे' हा शब्द आला आहे. उपनगरातल्या शाळेत मैदानावर उभे राहून आयुष्याची तीस वर्षे काढल्यामुळे आम्हाला या शब्दाची थोडी धास्ती वाटते. धडा म्हटला की मुले खिडकीबाहेर पाहू लागतात. आणि खिडकीबाहेर मैदान असते! तेव्हा धडे देण्याचा आव न आणता, संघ घडवणाऱ्या माणसाचे काम नेमके कोणते, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करू. त्यासाठी फार दूर जायला नको. बोरिवलीपर्यंत गेले तरी पुरे.

या माणसाला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: वस्ताद. तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोष्ट मोठी चटकदार आहे. पठ्ठा माजतो, वस्तादालाच आव्हान देतो, आणि मग त्या राखलेल्या डावाने चीत होतो. परंतु आमचे मत विचाराल, तर या गोष्टीने आपले पुष्कळ नुकसान केले आहे. कचेरीतला हेडक्लार्क कोणती फाईल कोठे आहे ते हाताखालच्याला सांगत नाही, आणि संस्थेचा चिटणीस हिशेबाच्या वहीला दुसऱ्याचा हात लागू देत नाही. आपल्यावाचून अडले पाहिजे, हीच पुढारीपणाची व्याख्या होऊन बसते. (हसणाऱ्या मंडळींत काही चिटणीसही दिसताहेत.)

आता बोरिवलीची हकीकत ऐका. १९९९ सालच्या उन्हाळ्यात एका शिबिरात ऑफस्पिन टाकणारा बारा वर्षांचा एक मुलगा तेथल्या स्वामी विवेकानंद शाळेचे क्रिकेटशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेस पडला. मुलाचे आईवडील डोंबिवलीला राहत, मुलगा बोरिवलीला आजोबा आणि काकांकडे. नाव रोहित शर्मा. आमच्या शाळेत ये, असे लाडांनी सांगितले. शाळेची फी महिना २७५ रुपये होती, आणि ती घरच्यांना झेपण्यासारखी नव्हती. लाडांनी चालकांकडे शब्द टाकला, फी माफ करून घेतली, आणि चार वर्षे तो मुलगा एक पैसाही न भरता तेथे शिकला.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. पुढे रोहितने २०१४ साली ईडन गार्डन्सवर श्रीलंकेविरुद्ध २६४ धावा केल्या, २०२४ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला, हे सर्वांना पाठ आहे. पण लाडांनी शब्द टाकला तेव्हा यातले काहीच कोणाला ठाऊक नव्हते. शाळेच्या चालकांकडे शब्द टाकणे म्हणजे काय, हे मास्तरकी केलेल्यालाच कळेल. तो शब्द वर्षातून एखाद-दोन वेळाच चालतो. तो कोणासाठी खर्चायचा, यात शिक्षकाची सारी पारख येते.

आणि या हकीकतीतली खरी मौज तर पुढेच आहे. फी माफ झाली ती एका गोलंदाजाची! फलंदाजीच्या क्रमवारीत हा मुलगा पार खाली, आठव्या क्रमांकाच्या आसपास येत असे. एके दिवशी तो सहज बॅट घेऊन चेंडू मारत असताना लाडांनी पाहिले. बॅट किती सरळ येते आहे, हे त्यांनी हेरले आणि त्याला डावाच्या आरंभी पाठवले. त्याने शतक काढले. ज्या गुणासाठी मुलाला आणले तो गुण दुय्यम ठरला, आणि ज्याची कल्पनाही नव्हती तो पुढे आला. दुसरा एखादा म्हणाला असता, 'मी गोलंदाज आणला आहे, तो गोलंदाजच होईल.' आपल्या शोधाच्या प्रेमात न पडणे हे आम्हाला पारखीपेक्षाही अवघड वाटते. मुलाला वाणिज्य शाखेत घातले म्हणून तो हिशेबनीसच झाला पाहिजे, असा हट्ट धरणारे बाप काय आपण पाहिलेले नाहीत?

याच लाडांनी काही वर्षांनी पालघरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या शाळेत घेतले. विरारच्या पलीकडून रोज गाडीने यायचे, खेळायचे, शिकायचे आणि परत जायचे, यात मुलाची हाडे मोडली असती. तेव्हा लाडांनी त्याला बोरिवलीला स्वतःच्याच घरी ठेवून घेतले. मुंबईतल्या घरात आणखी एका वाढत्या मुलाचे अंथरूण घालणे म्हणजे किती मोठे काम, ते भगिनीवर्गाला सांगायला नको. हा मुलगा शार्दूल ठाकूर. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला भारताचे सहा गडी बाद झाले असताना वॉशिंग्टन सुंदरबरोबर उभे राहून ज्याने ६७ धावा केल्या, तो हाच. लाडांना २०२२ साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, हे योग्यच झाले.

तात्पर्य, दोन्ही ठिकाणी पहिली अडचण तंत्राची नव्हतीच. एकीकडे फीची होती, दुसरीकडे आगगाडीची. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत जागोजागी क्रिकेटचे वर्ग निघाले आहेत. त्यांत चांगले शिक्षक आहेत, आणि त्यांनी पोट भरू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण महिन्याला भक्कम फी देणारा बाप जाळीच्या बाहेर उभा राहून विचारतो, 'माझा मुलगा संघात का नाही?' तेव्हा शिक्षकाची जीभ अडखळते. संघ कोणी निवडायचा, पारख करणाराने की पैसे भरणाराने, हा प्रश्न आपल्या उपनगरांनी अजून सोडवलेला नाही. ज्याची फी माफ केली त्याला वगळणे सोपे असते. ज्याची फी घेतली त्याला वगळताना कसोटी लागते.

कबड्डी आणि खो-खोवाले आमच्यावर रागावतील, पण क्रिकेट निघाले आहे तर रमाकांत आचरेकरांना वगळून कसे चालेल? शिवाजी पार्कवर ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. फलंदाजाला बाद करील त्याला नाणे, आणि फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर त्याला. मात्र तोंडाने शाबासकी नाही. एकोणतीस वर्षांत सरांनी एकदाही 'चांगला खेळलास' असे म्हटले नाही, हे सचिन तेंडुलकरने २०१३ साली निरोपाच्या भाषणात सांगितले. ही रीत प्रत्येकाला मानवेल असे आम्हाला वाटत नाही. काही मुले शाबासकीवाचून सुकून जातात, आणि एकाच मापाने साऱ्यांना पाणी घालणारा माळी आम्ही शहाणा समजत नाही.

आचरेकरांच्याच एका शिष्याची गोष्ट आम्हाला अधिक विचार करायला लावते. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. त्या वेळी पुढच्या क्रमांकाचा मुलगा पॅड बांधून बसून राहिला. धावांच्या वहीत बसून राहिल्याची नोंद होत नसते. तो मुलगा अमोल मुजुमदार. पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा काढल्या, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा जमवल्या, २००६-०७ मध्ये कप्तान म्हणून मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला. पण भारताच्या संघात त्याला कधीच जागा मिळाली नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात हेच मुजुमदार भारताच्या महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात हा संघ लागोपाठ तीन सामने हरला. इंदूरला इंग्लंडविरुद्धचा सामना तर अवघ्या ४ धावांनी गेला. त्या सामन्यात भांडुपला जन्मलेली जेमिमा रॉड्रिग्ज संघाबाहेर होती. बाहेर बसवलेल्या खेळाडूच्या मनात काय चालते, हे त्या प्रशिक्षकाला कोणी शिकवायला नको होते. पुढच्याच सामन्यात ती परत आली आणि नाबाद ७६ धावा करून गेली. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले, तेव्हा तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्यात आले. ती नाबाद १२७ धावा करून परतली. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर एवढ्या धावांचा पाठलाग कोणी यशस्वी केला नव्हता.

२ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून संघाने चषक जिंकला. त्यानंतर कप्तान हरमनप्रीत कौर मुजुमदारांच्या पाया पडली. ते छायाचित्र आपण सर्वांनी वर्तमानपत्रात पाहिलेच असेल. वाकलेली ती भारताची कप्तान आहे. आणि ज्यांच्यापुढे ती वाकली आहे, त्यांना भारताची टोपी कधी मिळालेली नाही.