लष्करी दप्तरांतून कुलशोध
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात डोंगरकडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस 'कुळाचा इतिहास' या विषयावर बोलावयास सांगितले. विषय मोठा आहे, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ ठिकाणी तो फार सैलपणे हाताळला जातो. ज्याला चार पिढ्यांपलीकडे आजोबांचे नाव ठाऊक नाही, असा गृहस्थही पाचव्या पिढीपासून एकदम चितोडगडापर्यंत वंशावळ नेऊन पोहोचवितो. म्हणून आम्ही विषयाचा एकच कोपरा निवडला आहे. आपल्या घराण्यांतील जे पुरुष कोणत्याही काळी, कोणत्याही सरकारच्या फौजेत चाकरीस होते, त्यांचा माग लष्करी कागदांतून कसा काढावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

लष्कराचेच कागद का? सारा वसूल करणाऱ्या सरकारला शेतीशी कर्तव्य असते, शेतकऱ्याच्या तोंडावळ्याशी नसते. फौजेचे तसे नाही. एकाच्या नावावर दुसऱ्याने पगार उचलू नये, भाड्याचा घोडा दाखवून शिलेदाराने सरकारास फसवू नये, याकरिता शिपायाची चेहरेपट्टी लिहून ठेवणे फौजेला भाग पडले. फसवणुकीच्या धास्तीने लिहिलेला कागद तीनशे वर्षांनंतर कुलशोधकाच्या उपयोगी पडतो, ही त्यातील गंमत.

याचा उत्तम दाखला हैदराबादेस आहे. तारनाका येथील तेलंगण राज्य पुराभिलेखागारात शहाजहान व औरंगजेब यांच्या दक्षिणेतील कारभाराचे सुमारे दीड लाख फारसी कागद आहेत. त्यांत 'अर्ज-ओ-चेहरा' म्हणून एक वर्ग आहे. स्वाराचे नाव, बापाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण, वर्ण, भुवया, तीळ, जखमेचे व्रण आणि त्याखाली घोड्याचा रंग व डाग, असा तपशील त्यांत असतो. ज्या पूर्वजाचे चित्र कधी कोणी काढले नाही, त्याच्या उजव्या गालावर तीळ होता एवढे जरी हाती लागले, तरी ते काय थोडे झाले?

पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर आपणांस नावाने तरी ठाऊक आहे. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले; पण छापले गेले ते समुद्रातले ओंजळभर. बाकीचे हजारो रुमाल मोडी लिपीत बांधलेले आहेत. सरंजामाच्या यादी, पथकांच्या हजिऱ्या, शिलेदार-बारगिरांचे हिशेब त्यांत सापडतात. आमच्या मते कुलशोधकाने सर्वांआधी पाहावी ती 'बालपरवेशी'ची नोंद. लढाईत पुरुष पडला की त्याच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होई, ती बालपरवेशी. पडलेल्या माणसाचे नाव, मागे राहिलेला मुलगा, कधी बायको, कधी आई, कोणत्या गावी काय लावून दिले, असे सारे त्या निमित्ताने कागदावर येते. वंशावळी लिहिणारे भाट स्त्रियांची नावे बहुधा गाळतात. येथे मात्र पैसा कोणाच्या हाती द्यावयाचा हे लिहिल्यावाचून गत्यंतर नव्हते.

या कागदांतील तारखांनी नवखा मनुष्य गोंधळतो. मोडी कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'सन तिसा खमसैन मया व अलफ' म्हणजे नऊ, पन्नास, शंभर व हजार, मिळून ११५९. त्यांत ५९९ मिळविले की इसवी सन १७५८ येतो. हे साल मृगाला सुरू होत असल्याने पुढील जानेवारीनंतरच्या कागदास ६०० मिळवावे. निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यांत ५९० मिळवावे. आपल्याकडे वृद्ध माणसे अजूनही १३५८ फसली म्हणतात, ते १९४८ साल. एवढा हिशेब येत नसेल तर पणजोबा आजोबांच्या नंतर जन्मल्याचे सिद्ध होते, आणि तसे सिद्ध केलेल्या वंशावळी छापून आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

आता आपल्या अगदी जवळच्या गोष्टीकडे येतो. हिंगोली ही १९०३ सालापर्यंत हैदराबाद कंटिन्जंट फौजेची छावणी होती. या फौजेचे मूळ रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारलेल्या रसेल ब्रिगेडमध्ये आहे. फौज निजामाच्या नावाची, अंमलदार इंग्रज, आणि पगाराचा बोजा निजामाच्या खजिन्यावर. पगार तुंबला, कर्ज वाढले आणि १८५३ च्या तहाने निजामाला वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पुढे धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. पैनगंगेपलीकडे उमरखेड-पुसदकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावे. नदीच्या अलीकडच्या भावकीचे कागद हैदराबादेस उर्दूत व फारसीत सापडतील, पलीकडच्या भावकीचे नागपूरकडे. एकाच कुळाची दोन दप्तरे झाली, त्यास कारण ही फौज.

हिंगोलीस छावणी होती म्हणून आपल्या भागात घरोघर एक आख्यायिका ऐकू येते : 'आमचे खापरपणजे छावणीत सुभेदार होते.' असतील, नाही कोण म्हणतो? पण १८५४ च्या रचनेप्रमाणे या फौजेत घोडदळाची चार, पायदळाची सहा पथके व चार तोफखाने होते, आणि त्यांतील भरतीचा मोठा भाग उत्तर हिंदुस्थानातील लोकांचा व दक्षिणी मुसलमानांचा होता. छावणीशी आपल्या लोकांचा संबंध पुष्कळदा दाणावैरण पुरविणारे, सईस, पखालजी, गाडीवान, बाजारातले दुकानदार असा होता. त्यात कमीपणा कसला? दाण्यागोट्याशिवाय कोणती फौज चालली आहे? परंतु सुभेदाराच्या नावाचा शोध घेत बसलात तर गाडीवानाचे नाव समोर असूनही दिसणार नाही. म्हणून आख्यायिका लिहून घ्यावी, जपावी, आणि पुरावा मिळेतो तिला आख्यायिकाच म्हणावे.

या फौजेचे कागद शोधावयाचे तर पलटणींची बदललेली नावे माहीत हवीत. १९०३ साली ती हिंदुस्थानी सैन्यात सामील झाली. घोडदळापासून विसावे डेक्कन हॉर्स वगैरे रिसाले झाले. पायदळाच्या पलटणी ९४ ते ९९ या क्रमांकांनी ओळखल्या जाऊ लागल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्यांतून एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ मध्ये तिलाच कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. तेव्हा हिंगोलीच्या छावणीचा वारसा आज हिमालयाच्या पायथ्याशी रानीखेतला आहे. रेसिडेन्सीचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यातील बऱ्याच कागदांची सूची आता 'अभिलेख पटल' या नावाने संगणकावर घरबसल्या पाहता येते. या फौजेचा इतिहास मेजर बर्टन याने १९०५ साली लिहून प्रसिद्ध केला. पण असल्या ग्रंथांत गोरे अंमलदार नावानिशी येतात आणि शिपाई आकड्यांनी.

त्यावरून नोव्ह्याची लढाई आठवते. इंग्रजी कागदांत 'नोव्हा' असे लिहिलेली ही गढी आपल्याच मुलखातील, हदगावच्या बाजूची. हटकर नाईक नोवसाजी यांच्या ताब्यातील या गढीस जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याने वेढा घातला व ३१ तारखेस ती हल्ला करून घेतली. आत लढणारे बहुसंख्य अरब होते, आणि त्यांतील चारशेंहून अधिक मारले गेले. कंटिन्जंटच्या पलटणींना 'नोव्हा' हा लढाईचा मान मिळाला व तो त्यांच्या वारस पलटणींकडे आला. आत मेलेल्यांची हजिरी मात्र कोणत्या दप्तरात आहे? गढीवाल्यांचे दप्तर गढीबरोबर गेले. कुलशोधकाने हे समजून घ्यावे की, लष्करी कागद बहुधा जिंकणाऱ्याचे असतात, आणि ज्याचे घराणे हरणाऱ्या बाजूस होते, त्याच्या पूर्वजाचे नाव कागदात नसणे हा त्या पूर्वजाच्या नसण्याचा पुरावा नव्हे. याच्या उलट, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतील कंपनीच्या पलटणीच्या शिपायांची नावे तेथील स्तंभावर कोरलेली आहेत, आणि त्यांतील अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती दोन अक्षरे कुळ ओळखण्यास पुरतात.

पहिल्या महायुद्धापासून कागद विपुल होतात. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ या पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कूट येथील वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत पडली, आणि त्यांतील पुष्कळ परतली नाहीत. ज्यांच्या घरी 'आजोबांचे चुलते बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' असे सांगतात, त्यांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी पाहाव्यात. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर मृतांचे स्मरण केलेले आहे; परंतु हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांचा केवळ पलटणवार आकडा घातला गेला. आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही असमानता स्वतःच मान्य केली. शिपायांची नावे आयोगाच्या नोंदींत पाहता येतात. कित्येक नोंदींत 'अमक्याचा पुत्र, अमकीचा पती, मुक्काम अमुक' एवढा तपशील असतो, आणि आपल्याला हवे असते तेवढेच.

पंजाबात याहून मोठे काम झाले. महायुद्धात गेलेल्या सुमारे ३ लाख २० हजार पंजाबी शिपायांची गावनिहाय नोंदवहीच लाहोरच्या संग्रहालयात शतकभर पडून होती. तिचा काही भाग २०२१ मध्ये संगणकावर खुला झाला आणि साता समुद्रांपलीकडील पंजाबी कुटुंबांना आपले गाव व पणजोबा सापडले. आपल्याकडे अशी एकत्र वही नाही. म्हणून आपले काम घराघरांतूनच सुरू झाले पाहिजे.

घरात काय शोधावे? पहिली वस्तू पदक. त्याची कडा भिंगाखाली पाहा. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण बहुधा त्या कडेवर ठोकलेली असते. युद्धपदक चांदीचे असेल तर शिपाई. काशाचे असेल तर बहुधा मजूर तुकडीतील किंवा छावणीचा नोकर. पुष्कळ घरांतील चांदीची पदके दुष्काळात सोनाराच्या मुशीत गेली. ज्या आजीने ते विकून पोरांना जगविले तिला बोल लावण्याचा आम्हांस अधिकार नाही. उरलेली तरी घासून चकचकीत करू नका. घासता घासता कडेवरचा मजकूर पुसला जातो.

दुसरी वस्तू पेन्शनचे पुस्तक अथवा डिस्चार्जचा दाखला. त्यावरील क्रमांक हीच पुढची किल्ली. क्रमांकावरून पलटणीच्या अभिलेख कार्यालयात 'शीट रोल' असल्यास सापडतो. मराठा पलटणींचे कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. शीट रोलवर बापाचे नाव, गाव, टपाल, तालुका, जिल्हा, जात, अंगावरील खुणा, बायको-मुलांची नावे व वारस लिहिलेले असतात. मात्र ज्याला निवृत्तिवेतन मिळाले नाही, त्याचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. म्हणून नकारार्थी उत्तर आले तर कारकुनावर रागावू नये.

दोन धोक्यांकडे लक्ष वेधतो. गावाचे नाव जसेच्या तसे मिळेल अशी आशा बाळगू नका. डोंगरकडा हे उर्दू शिकस्त्यात, टिंबे गळालेल्या अक्षरांत, वा गोऱ्या कारकुनाच्या कानाने लिहिलेले कसे दिसेल ते स्वतः लिहून पाहा. डोंगरखेडा, डोंगरकाडा, काहीही सापडेल. जिल्हाही हिंगोली म्हणून शोधू नका. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वीचे कागद परभणी जिल्ह्याचे, तालुका कळमनुरी.

दुसरा धोका जातीच्या रकान्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने काही जाती 'लढवय्या' ठरविल्या व काहींना दारे बंद केली. महारांची भरती १८९२-९३ च्या सुमारास बंद झाली, आणि गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या निवृत्त शिपायाला त्याविरुद्ध अर्ज करावा लागला. दार बंद झाले की माणूस दुसऱ्या नावाने आत शिरतो. भरती करणाऱ्यासही संख्या भरावयाची असते. म्हणून रकान्यात लिहिलेली जात ही कित्येकदा त्या काळच्या भरतीच्या नियमांची जात असते, घराची नव्हे. २०२३ पासून मराठवाड्यात जुन्या कागदांचा जो शोध चालू आहे, त्यात लोक प्रथम हाच रकाना पाहतात आणि बाकीचा कागद मिटवून ठेवतात. शिष्यवृत्ती, नोकरी यांच्या अडचणी आम्ही जाणतो. ती गरज खरी आहे. तरी पण वारसाच्या रकान्यात 'आई' असे लिहिणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराची एक ओळ आपल्या कुळाबद्दल जातीच्या रकान्याहून अधिक सांगते, असे आमचे मत आहे.

कागद मिळाला की तो दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत यात्रेस गेलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली पिढ्यांची नावे असतात. गावच्या जुन्या खासरापत्रकांत व फेरफारांत जमिनीचे वारस असतात. लष्करी कागद, तीर्थाची वही व जमिनीचा फेरफार, या तिन्हींत बाप-लेकांची जोडी जुळली तर ती वंशावळीत पक्क्या शाईने लिहावी. दोहोंतच जुळली तर पेन्सिलीने. एकातच आढळली तर समासात.

मंडळाने यंदा एक वही घातली आहे. ज्यांच्या घरी पदक, पेन्शनचे पुस्तक, फौजेतून आलेली पत्रे वा मोडी कागद असतील, त्यांनी मूळ वस्तू कोणाच्याही हाती न देता तिची स्वच्छ छायाचित्रे, पदकाच्या कडेचे वेगळे, आणि सोबत घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीने सांगितलेली हकीकत, तिच्याच शब्दांत, आपल्या गावच्या प्रतिनिधीकडे द्यावी. मोडी वाचणारे आपल्यात आज फार थोडे उरले आहेत आणि त्यांचीही दृष्टी क्षीण होत चालली आहे. तेव्हा मोडी कागद आधी द्यावेत. केळीच्या बागांची कामे आटोपली की येऊ, असे म्हणू नये.