हौशी पूल लीग : फी आणि बक्षिसांचा हिशेब

हौशी पूल लीग हरणाऱ्या संघांच्या पैशावर चालते. आठ संघांत विजेता एकच. उरलेले सात फी भरतात, हरतात आणि तरी दर आठवड्याला खेळायला येतात. पुढच्या वर्षी ते येतील की नाही, हे बरेचसे फीवर आणि बक्षिसांच्या वाटणीवर अवलंबून असते. म्हणून हा हिशेब पहिल्या सामन्याआधी आणि सर्वांसमोर व्हायला हवा.

पूल हा सहा खिशांच्या टेबलावर क्यू नावाच्या लांब काठीने खेळायचा खेळ. बिलियर्ड्स आणि स्नूकर ही त्याची भावंडे. स्नूकरचा उगम 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते. पुण्यात 1922 साली जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले आणि 1964 मध्ये त्यांनी तो मान पुन्हा मिळवला. हौशी खेळाडू पोटासाठी खेळत नाही. त्याच्या लीगचा हिशेब याच गोष्टीपासून सुरू होतो.

दौंडसारख्या गावात लीग उभी करायची तर आधी खेळणाऱ्यांचे वेळापत्रक पाहावे लागते. रेल्वेचे कर्मचारी पाळीने कामाला जातात. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक 5 आणि 7 मधील जवानांना अचानक बंदोबस्ताला निघावे लागते. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी असते, शिरूरकडे रांजणगावातही तेच. फी माणशी ठेवली, तर एक खेळाडू ड्युटीवर गेला की तेवढी रक्कम बुडते. म्हणून फी संघाची असावी. संघात सहा नावे नोंदवावीत आणि प्रत्यक्ष चौघांनी खेळावे.

फी ठरवताना आधी खर्च मोजायचा. आठ संघ एकमेकांशी एकदा खेळले, तर सात आठवड्यांत 28 सामने होतात. टेबलाचे भाडे तासाला 200 रुपये आणि एक सामना तीन तासांचा धरला, तर सामन्याला 600 रुपये पडतात. 28 सामन्यांचे 16,800 झाले. करंडक, खडू, छपाई आणि पंचांचे चहापाणी यांसाठी 3,200 धरले की खर्च 20,000 होतो. म्हणजे संघामागे 2,500 रुपये. बक्षिसांसाठी संघामागे 1,500 घेतले, तर फी 4,000 होते. सहा जणांत वाटली तर प्रत्येकाला सात आठवड्यांचे सातशेच्या आतच पडतात. हे दर उदाहरणादाखल आहेत. क्लबचे भाडे बदलले की आकडे बदलतील, पण आधी खर्च आणि मग बक्षीस हा क्रम बदलू नये.

आता बक्षिसांचा निधी 12,000 रुपयांचा झाला. तो सगळा पहिल्या संघाला दिला, तर तिसऱ्या आठवड्यात मागे पडलेल्या संघाला पुढे खेळण्याचे कारणच उरत नाही. तो यायचा थांबतो आणि समोरच्या संघाचीही संध्याकाळ वाया जाते. त्यापेक्षा प्रत्येक सामना जिंकणाऱ्याला 100 रुपये द्यावेत. त्यात 2,800 जातात. उरलेले 9,200 पहिल्या चार संघांना 4,000, 2,600, 1,600 आणि 1,000 असे वाटावेत. सातही सामने जिंकणाऱ्या विजेत्याला 4,700 मिळतात, म्हणजे फी वसूल होऊन थोडे वर उरतात. तळाच्या संघालाही शेवटच्या सामन्यात जिंकण्यासारखे काही राहते.

या वाटणीचा जुना नमुना याच मुलखात आहे. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरतो तेव्हा इनाम लोकवर्गणीतून येते. नारळावरच्या आणि रेवडीवरच्या कुस्तीपासून सुरुवात होते आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. लहान पोरालाही त्याच्या जोडीप्रमाणे काहीतरी मिळते. पंच तोलामोलाची जोड लावतात, म्हणून कुस्ती रंगते. पूलमध्ये हेच काम कच्च्या खेळाडूला दिलेल्या सवलतीने होते. त्याला कमी डाव जिंकून सामना मिळवता येतो. ही सवलत नसेल, तर बक्षिसे कितीही विचाराने वाटली तरी ती त्याच त्या संघांकडे जातात.

टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत फ्लेक्सवर प्रत्येक बक्षिसाखाली देणगीदाराचे नाव असते, अगदी मालिकावीराच्या बक्षिसाखालीही. पूल लीगलाही प्रायोजक मिळू शकतो, पण पैसे हाती येईपर्यंत ती रक्कम जाहीर करू नये. निधीचा किती हिस्सा कोणत्या क्रमांकाला, एवढेच आधी सांगावे. आकडा जमलेल्या रकमेवरून काढावा.

वसुलीचा नियम साधा असावा. निम्मी फी सुरू होण्याआधी आणि उरलेली पगाराच्या आठवड्यात. शिवाय संघामागे 500 रुपये अनामत, जी सगळे सामने खेळल्यावर परत मिळेल. एक संघ मध्येच गळाला, तर ज्यांच्याशी त्याचा सामना व्हायचा राहिला त्या संघांना प्रत्येकी एक सामना कमी मिळतो, म्हणून त्याची अनामत बक्षीस निधीत जमा करावी. प्रत्येक रकमेची पावती द्यावी आणि जमाखर्च क्लबच्या भिंतीवर लावावा. पैसे एकाने सांभाळावेत, हिशेब दुसऱ्याने तपासावा.

कायद्याची बाजूही माहीत असावी. 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम 13 निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्या कायद्यातून वगळते. चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1957 साली कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत स्पष्ट फरक केला. मात्र त्याच कायद्यात जुगाराच्या व्याख्येत पैज लावणेही येते. म्हणून टेबलाभोवती प्रेक्षकांनी किंवा खेळाडूंनी लावलेल्या पैजांना लीगच्या नियमांत पूर्ण बंदी हवी.

हंगाम संपल्यावर सर्व संघांची बैठक घ्यावी, जमाखर्च वाचून दाखवावा, शिल्लक पुढच्या वर्षासाठी ठेवावी आणि पुढची फी तिथेच ठरवावी. त्या बैठकीत तळाच्या संघाला सर्वांत आधी बोलू द्यावे. फी जड झाली का आणि बक्षिसांची वाटणी न्याय्य वाटली का, हे त्यालाच सर्वांत चांगले सांगता येते.